टाळी कुठे पडते?

'सर, स.न.वि.वि. मी सांगली जिल्ह्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवते. मुलांचं व्याकरण बरं आहे, शब्दही येतात. पण वाचायला उभं केलं की प्रत्येक शब्द सुटा आणि एका मापाचा, विटा रचल्यासारखा. मोबाइलवर कुणी परदेशी माणूस बोलला की त्यांना काही कळत नाही. तेच वाक्य फळ्यावर लिहिलं की लगेच अर्थ सांगतात. गाण्यांतून इंग्रजीची लय शिकवता येते असं वाचलं, म्हणून वर्षभर दर शनिवारी इंग्रजी गाणी लावली. मुलं झकास गातात, बोलणं मात्र होतं तिथेच. आमचे एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात, "बाई, गाणी-बजावणी पुरे, पोर्शन बुडतोय." आमच्या घरी वडील भजनी मंडळात पखवाज वाजवतात, मीही लहानपणी तबल्याच्या दोन परीक्षा दिल्या आहेत. संगीताचं मला वावडं नाही. मग चुकतंय कुठे?'
— एक शिक्षिका

बाई, नमस्कार.

गाणी लावलीत यात चूक काहीच नाही. पण गाण्यातून मुलांनी सूर उचलले आणि ठेका तसाच राहिला. ठेक्याची सोय तर तुमच्या घरातच होती, आणि ते तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंत!

आधी माझी एक फजिती सांगतो. मी चांगली पाच-सहा वर्षं इंग्रजी शिकवून मुरलो होतो तेव्हाची गोष्ट. एका प्रशिक्षणासाठी अमेरिकेहून एक बाई येणार होत्या आणि त्यांना स्टेशनवरून आणायचं काम माझ्याकडे होतं. मी फोनवर ठणठणीत आवाजात सांगितलं, 'आय कॅन कम ॲट एट.' प्रत्येक शब्द स्पष्ट, 'कॅन' जरा जास्तच. आठ वाजता मी फलाटावर उभा, आणि बाई रिक्षा करून कधीच मुक्कामी पोचलेल्या. त्यांनी ऐकलं होतं 'कॅन्ट'. अमेरिकन बोलण्यात 'कॅन्ट'मधला 'ट' पुष्कळदा घशातच अडकतो. मग तिथला माणूस होकार-नकार ओळखतो कशावरून? बराचसा जोरावरून. होकार असेल तर 'कॅन' जवळजवळ विरघळतो, 'आय क्न कम' एवढंच उरतं आणि वजन पडतं 'कम'वर. वजन 'कॅन'वर आलं की ऐकणारा नकार धरून चालतो. माझं व्याकरण बरोबर होतं, उच्चार शुद्ध होते, आणि अर्थ नेमका उलटा पोचला.

आपल्याकडे चांगल्या इंग्रजीला 'फाडफाड इंग्रजी' म्हणतात. हा शब्दच घात करतो. आर्थर लॉईड जेम्स नावाच्या ब्रिटिश ध्वनिशास्त्रज्ञाने 1940 साली भाषांच्या लयींना दोन उपमा दिल्या होत्या. काही भाषा मशीनगनसारख्या चालतात, एकसारख्या गोळ्या सुटतात. काही तारायंत्रातल्या मोर्ससारख्या, लांब-आखूड, लांब-आखूड. इंग्रजी ही मोर्सवाली. आपण 'फाडफाड' म्हणून जी शिकवतो ती मशीनगन! पुढे 1945 मध्ये केनेथ पाइक या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने या दोन प्रकारांना शास्त्रीय नावं दिली. एक अक्षरांच्या मापाने चालणारी लय, दुसरी आघातांच्या, म्हणजे जोर पडणाऱ्या अक्षरांच्या, मापाने चालणारी.

तुमच्यासाठी ही नावं लांबची वाटली तर एकतालाचा ठेका आठवा. धिं धिं धागे तिरकिट. पहिला 'धिं' एका मात्रेत एकटा ऐसपैस बसलाय. 'धागे' दोन अक्षरांचा, तरी एकच मात्रा. 'तिरकिट' चार अक्षरांचा, तरी एकच मात्रा. बोल वाढले म्हणून कुणी ताल लांबवत नाही, अक्षरंच बारीक होतात. इंग्रजी वाक्य असं बांधलेलं असतं. आपली मुलं 'तिरकिट' चार मात्रांत वाजवतात, एवढाच काय तो घोटाळा.

हे वर्गात दाखवायला तबल्याची गरज नाही. बाकावर चार ठोके, चौथा मोकळा. पहिल्या तीन ठोक्यांवर तीन शब्द: काउज, ईट, ग्रास. सगळ्या वर्गाला चारदा म्हणू द्या. मग ठोके अजिबात न हलवता 'द काउज ईट द ग्रास.' मग 'द काउज आर ईटिंग द ग्रास.' मग 'द काउज हॅव बिन ईटिंग द ग्रास.' पहिल्या वाक्यात तीन अक्षरं, शेवटच्यात आठ, ठोके तेच तीन. इथे मुलं अडखळणार, हसणार, 'हॅव बिन' म्हणताना ठोका चुकणार. चुकू द्या. 'हॅव'मधला 'ह' गळून 'अव्बिन' झाल्याशिवाय ते त्या फटीत मावत नाही, हे त्यांना जिभेनेच कळतं. मी हा नियम फळ्यावर लिहून बरीच वर्षं शिकवला आणि कुणाच्याही तोंडात तो उतरला नाही. बाकावर ठोका पडल्यावर एका तासात उतरला. तबल्याच्या भाषेत ही ठाय, दुगुन, तिगुन, चौगुनच आहे (एका मात्रेत एक, दोन, तीन, चार अक्षरं), फक्त एकाच वाक्यात मिसळलेली.

आता मुलं म्हणतील, 'बाई, असं गिळून बोलणं म्हणजे अशुद्ध ना?' या प्रश्नाला तयार राहा, कारण मुलांच्या मनात तो असतोच आणि पालकांच्याही. उत्तर मराठीतच आहे. आपण लिहितो 'माणसाला', म्हणतो 'माण्साला'. लिहितो ब-स-ला, म्हणतो 'बस्ला'. 'काय करतो आहेस' याचं 'काय कर्तोयस' होतं आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. अ हा स्वर मधल्या जागी सापडला की तो गिळायला मराठी माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. इंग्रजीतही नेमका असाच एक आळशी, ओठ-जीभ न हलवता निघणारा स्वर आहे, आपल्या अ-च्या अगदी शेजारचा. बिनवजनाच्या जागी ए, ई, ओ काहीही लिहिलेलं असो, बोलताना बहुतेक वेळा तोच येतो. 'बनाना' मध्ये लिहायला तीन सारखे 'ए', पण बोलताना मधला एकटा लांब आणि बाकी दोन नावापुरते. आपण मात्र फळवाल्यासमोर केळी मोजल्यासारखे तीनही मोजतो.

त्याहून उपयोगी पडलेली एक युक्ती सांगतो. 'टू', 'ऑफ', 'ॲट', 'फॉर', 'द' हे मुलांना शब्द वाटतात, कारण छापताना त्यांच्या आजूबाजूला जागा सोडलेली असते. त्यांना सांगा, हे शब्द नव्हेतच, हे आपले प्रत्यय आहेत. आपण 'बाजार' म्हणून थांबून मग 'ला' म्हणतो का? 'बाजाराला' एका दमात येतं. इंग्रजीतला 'ला' पुढे चिकटतो, एवढाच फरक: 'टुदमार्केट'. मी पाठातला एखादा परिच्छेद अशा जोडून लिहिलेल्या रूपात फळ्यावर उतरवत असे. बघायला तो भयंकर दिसतो. शिक्षणाधिकारी आले तेव्हा एकदा पुसावाही लागला. पण मोठ्याने वाचायला सांगितला की मुलांचं वाचन तिथल्या तिथे बदलतं.

आता तुमची शनिवारची गाणी. गाण्यात दोन अडचणी असतात. एक म्हणजे चाल. बोलताना आवाज कुठे चढायचा आणि कुठे उतरायचा हे अर्थ ठरवतो, गाण्यात ते संगीतकार ठरवून मोकळा झालेला असतो. दुसरी अडचण जास्त लबाड आहे. गाण्यात बिनवजनाच्या अक्षरालाही लांब सूर मिळू शकतो. आपल्या प्रत्येक बालवाडीत म्हटलं जाणारं 'ट्विंकल ट्विंकल लिटल स्टार' घ्या. ट्विं-कल-ट्विं-कल-लि-टल, सहाही अक्षरं एका लांबीच्या सुरांवर. म्हणजे इंग्रजीच्या नावाखाली आपण चार वर्षांच्या मुलाला पहिली जी लय देतो ती पक्की मशीनगन. शब्द जेन टेलर या इंग्रज बाईंचे, 1806 सालचे. चाल मात्र फ्रेंच. आणि फ्रेंच ही अक्षरांच्या मापाने चालणारी भाषा म्हणून ओळखली जाते. अनिरुद्ध पटेल आणि जोसेफ डॅनिएले यांनी 2003 मध्ये इंग्रज आणि फ्रेंच संगीतकारांच्या वाद्यसंगीतातल्या धुना मोजून दाखवल्या. शेजारशेजारच्या सुरांतला लांब-आखूडपणा इंग्रज धुनांत जास्त निघाला, म्हणजे शब्द नसतानाही भाषेचा ठेका सुरांत उतरलेला होता. 'ट्विंकल'च्या एका चालीवर याचं खापर फोडणं शास्त्रीय नाही, हे मलाही कळतं. पण योगायोग मजेशीर आहे.

उलट 'हम्प्टी डम्प्टी सॅट ऑन अ वॉल' बघा. ठोके चार: हम्प, डम्प, सॅट, वॉल. 'ऑन अ' बिचारे मधल्या फटीत. किंवा 'हिकरी डिकरी डॉक': एका ठोक्यात तीन अक्षरं, तीन अक्षरं आणि मग एकटा 'डॉक', थेट दादऱ्याच्या वजनाचं. ही बडबडगीतं चालीत न गाता नुसती ठेक्यात म्हणायची. दहावीची मुलं 'हम्प्टी डम्प्टी' म्हणायला लाजतील हे मान्य. म्हणून त्यांच्या वयाचं काहीतरी हवं, आणि ते आपणच रचावं.

याची वाट न्यूयॉर्कमध्ये कॅरोलिन ग्रॅहम यांनी दाखवून ठेवली आहे. दिवसा न्यूयॉर्क विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवायच्या, आणि शिवाय पियानो वाजवून गायच्या. रोजच्या बोलण्यातली वाक्यं जॅझच्या ठेक्यावर किती अचूक बसतात हे त्यांनी हेरलं. 1978 मध्ये त्यांचं 'जॅझ चँट्स' आलं आणि जगभरच्या इंग्रजीच्या वर्गांत ते पोचलं. त्यात चाल नाही. सवाल-जवाब आहेत, ठेका आहे, आणि वाक्य बोलताना जिथे वजन पडतं तिथेच ठेक्यातही पडतं. शेवटची अट सोडली तर सगळंच फुकट जातं.

आपल्याला जॅझ कशाला हवा, केरवा पुरे. मी एसटीवर रचलेला सवाल-जवाब असा होता. टिंब आहे तिथे टाळी:

•व्हेअर्ज द •बस?
इट्स •लेट अ•गेन.
•व्हेन विल इट •कम?
ॲट •हाफ पास्ट •टेन.
•व्हॉट शल वी •डू?
लेट्स •सिट अँड •वेट.
बट •स्कूल बि•गिन्स!
वी आर •ऑलवेज •लेट.

अर्धा वर्ग विचारतो, अर्धा उत्तर देतो, मग अदलाबदल. प्रत्येक ओळीत टाळ्या दोनच. 'बिगिन्स'ची टाळी 'गि'वर आहे, 'बि'वर नाही, हे बघा. शब्दाच्या पोटातलं वजनही ठेका आपोआप शिकवतो. मग मुलांनाच रचू द्या. माझ्या वर्गात वडापाव, क्रिकेट आणि गणिताचे सर या तीन विषयांवर उदंड वाङ्मय निर्माण झालं. त्यातलं तिसरं मी स्टाफरूमपर्यंत पोचू दिलं नाही.

तुमच्या भागात अजून एखादी आजी जात्यावरची ओवी म्हणणारी सापडेल. मुलांना ती ऐकवा. त्या ओव्यांत ओळीला अक्षरं कधी कमी, कधी जास्त. जात्याचा फेर ठरलेला असतो, शब्द त्यात बसवून घ्यायचे. शार्दूलविक्रीडितासारख्या वृत्तात हे चालत नाही, तिथे प्रत्येक लघु-गुरूचा हिशेब चोख द्यावा लागतो. इंग्रजी बोलणं वृत्तापेक्षा ओवीच्या जवळचं आहे, आणि हे मुलांना मराठीच्या तासालाही सांगता येईल.

आता थोडं सावधगिरीचं. ठोका ही केवळ परातीखालची चुंबळ आहे, डोक्यावर कायम बाळगायची नाही. इंग्रज माणूस खरंच घड्याळाच्या ठोक्यावर बोलतो असं नाही. रिबेका डाउअर यांनी 1983 मध्ये मोजमापं घेऊन दाखवलं, की इंग्रजीत दोन आघातांमधला वेळ सारखा नसतो, मधली अक्षरं वाढली की तोही वाढतो. फरक येतो तो बिनवजनाचे स्वर किती बारीक होतात यातून आणि अक्षरांच्या बांधणीतून. म्हणून दोन-तीन आठवडे ठोक्यावर घोटलं की तेच वाक्य ठोका बंद करून, समोरच्याच्या डोळ्यात बघून, सहज बोलायला लावा. हे केलं नाही तर संमेलनात टाळ्या मिळवणारं पथक तयार होईल आणि बसस्टँडवर पुन्हा विटा.

शिवाय प्रत्येक मुलाने लंडनकरासारखं बोलावं, हा आपला उद्योगच नव्हे. जेनिफर जेन्किन्स यांनी 2000 साली एक हिशेब मांडला. वेगवेगळ्या देशांतले लोक एकमेकांशी इंग्रजीत बोलतात तेव्हा काय चुकलं की समजत नाही आणि काय चुकलं तरी चालतं. आघातांच्या मापाने चालणारी लय त्यांनी 'चालतं'च्या खात्यात टाकली. वाक्यातल्या मुख्य शब्दावरचं वजन मात्र 'चुकलं तर समजत नाही'च्या खात्यात. माझा अनुभवही तोच. तेव्हा बारीक स्वर, गिळलेला 'अव' हे मुख्यतः कानासाठी शिकवा. तुम्ही लिहिलंत ना, की ऐकलेलं कळत नाही आणि लिहिलेलं कळतं? कारण मुलांचा कान 'व्हॉट डू यू वॉन्ट टू डू' असे सहा डबे येण्याची वाट बघतो आणि समोरून 'व्हॉड्यवॉन्टडू' अशी एकच मालगाडी धडधडत जाते. रोज एक वाक्य वेगात म्हणा आणि विचारा, 'किती शब्द होते?' अर्थ नंतर. आधी फक्त मोजणी. मुलांना हा खेळ वाटतो, आणि पैजाही लागतात.

बोलण्यासाठी मात्र सगळा जोर मुख्य शब्दावर लावा. याला मी वर्गात 'च शोधा' म्हणत असे. मराठीत आपल्याकडे 'च' आहे, 'ही' आहे, 'तर' आहे. मीच पाहिलं, त्यालाच पाहिलं, कालच पाहिलं. इंग्रजीत 'च' नाही, म्हणून बिचाऱ्यांना आवाजच वापरावा लागतो. 'आय सॉ हिम यस्टरडे' हे वाक्य फळ्यावर लिहा. मी मराठीत 'त्यालाच' म्हणालो की मुलांनी 'हिम' उचलायचा, 'कालच' म्हणालो की 'यस्टरडे'. मग उलट. मुलीने इंग्रजीत म्हणायचं आणि वर्गाने 'च' कुठे लागला ते ओळखायचं. तबल्याची पोरं याला लगेच 'सम' म्हणतात, आणि म्हणू दे. वाक्य कितीही फिरलं तरी तिथे येऊन पडायचं असतं.

पोर्शनवाल्या सरांसाठी: रोज तासाची पहिली सात मिनिटं, जास्त नाही. वाक्यं चालू पाठातलीच घ्या, म्हणजे पाठही पुढे सरकतो आणि तक्रारीला जागा राहत नाही. पहिल्या आठवड्यात चार-पाच मुलांचं वाचन मोबाइलवर टिपून ठेवा. दिवाळीच्या सुट्टीआधी तोच उतारा पुन्हा टिपा आणि दोन्ही स्टाफरूममध्ये एकापाठोपाठ ऐकवा. तुम्ही काही बोलू नका, नुसतं ऐकवा.

शनिवारची गाणी बंद करू नका, मुलांचा हिरमोड होईल. फक्त त्यांचं काम बदला. ओळीतला एखादा बारका 'टू' किंवा 'ऑफ' गाळून कागद द्या आणि कान देऊन भरायला सांगा.

आणि तबला निदान पहिला महिनाभर घरीच राहू दे. वर्गात तबला आला की सगळ्यांचं लक्ष वाजवणाऱ्याच्या बोटांकडे जातं, आणि मागच्या बाकावरचा एखादा 'बाई, मी वाजवू?' म्हणून उठतोच. बाकाचं लाकूड चांगलं वाजतं. दोन परीक्षा दिल्यात म्हणता, तर तुमच्या हातालाही ते जमेल.